कोरियन मालिका बघून कोरियन शिकताना कान कुठे द्यायचा

सगळ्यात आधी हिंदी डबिंग बंद करा. आपल्याकडे कोरियन मालिका बऱ्याच घरांत हिंदीतूनच पोचल्या. जेवताना बघायला ते बरंही असतं, पण त्यात कोरियन कानावर पडतच नाही. ऑडिओ मूळ कोरियन करा आणि खाली इंग्रजी किंवा हिंदी सबटायटल ठेवा. पहिले दोन-तीन भाग जड जातील, मग कान सरावतो.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. नुसतं बघून भाषा येत नाही. डझनावारी मालिका संपवलेल्या माणसाकडे बऱ्याचदा 'सारांगहे' (माझं प्रेम आहे), 'चिंच्चा' (खरंच), 'देबाक' (भारीच), 'आइगो' (अरे देवा) एवढाच साठा असतो, कारण डोळे खालची ओळ वाचत राहतात आणि कान रिकामे बसतात. त्या कानांना काम द्यायला हवं. माझं मत विचाराल तर शब्द गोळा करण्यापेक्षा वाक्याच्या शेवटाकडे लक्ष द्यावं. कोरियन माणसं एकमेकांची कोण लागतात, ते क्रियापदाच्या शेपटात लिहिलेलं असतं. इंग्रजी सबटायटलमध्ये ते गळून पडतं, मराठी कानाला मात्र लगेच पकडता येतं. ते कसं, ते पुढे सांगतोच. त्याआधी थोडी पूर्वतयारी.

हांगुल आधी, मालिका नंतर

हांगुल म्हणजे कोरियन लिपी. राजा सेजोंगच्या कारकिर्दीत 1443 मध्ये ती तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. दक्षिण कोरियात 9 ऑक्टोबरला हांगुल दिनाची सुट्टी असते. मूळ अक्षरं 24 आहेत, 14 व्यंजनं आणि 10 स्वर. व्यंजनांचे आकार तोंडावरून घेतलेत. 'म' म्हणजे मिटलेल्या ओठांचा चौकोन, 'न' म्हणजे टोक वर टेकवलेल्या जिभेचा काटकोन. 'क'च्या अक्षरात एक रेघ वाढवली की 'ख', 'त'मध्ये वाढवली की 'थ'. अल्पप्राण-महाप्राण शाळेतच शिकलेल्या आपल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही. रोज अर्धा तास दिला तर आठवड्या-दोन आठवड्यांत अडखळत का होईना, पाट्या वाचता येतात. मग मालिकेत दुकानांची नावं, फोनवरचे मेसेज, बसवरच्या जाहिराती असा सगळा पडदा वाचनाचा होतो.

रोमन अक्षरांत कोरियन लिहून घ्यायची सवय लावू नका. या लेखात मी देवनागरी वापरतोय, तीही लेखापुरतीच. 'ऑ'सारखा पण ओठ गोल न करता काढलेला स्वर, किंवा 'ऊ' म्हणताना ओठ फाकवून काढलेला स्वर देवनागरीतही नीट बसत नाही. वहीत हांगुलच हवं.

उच्चारांत खरी अडचण तीन जुळ्यांची. आग, गवत आणि शिंग हे तिन्ही शब्द इंग्रजी कानाला एकसारखेच 'पुल' वाटतात. गवताचा 'फ' म्हणजे आपला ओठ मिटून काढलेला, 'फळ'मधला खरा महाप्राण. शिंगाचा 'प्प' म्हणजे 'पप्पा'मधल्या जोडाक्षरासारखा आवळलेला, हवा न सोडता. आगीचा 'प' मात्र आपल्याकडे नाही. तो प आणि ब यांच्या मधला आहे, आणि आजच्या सोलच्या बोलीत त्याच्यानंतरचा स्वर खालच्या पट्टीत जातो. हाच खालचा सूर ऐकायला शिका. शिवाय कोरियन 'च' आणि 'ज' हे 'चहा', 'जेवण'मधले आहेत, 'चाक', 'जागा'मधले नव्हेत.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. लिहिलेलं आणि ऐकू येणारं जुळत नाही म्हणून नवशिके हैराण होतात. लिहितात 'हाप्-निदा' (करतो), ऐकू येतं 'हाम्निदा'. पण वाक् + मय = वाङ्मय आणि जगत् + नाथ = जगन्नाथ हे आपण पाठ केलेलं आहे. नियम तोच: पुढे म किंवा न आला की आधीचं व्यंजन अनुनासिक होतं. 'पाप' म्हणजे भात किंवा जेवण, पण पुढे 'मॉगॉस्सॉ' आलं की बोलणारा 'पाम मॉगॉस्सॉ?' (जेवलास का?) असंच म्हणणार.

कोणती मालिका घ्यायची

जी आवडते ती, हे उत्तर अर्धंच खरं आहे. शिकण्यासाठी आजच्या काळातली, घरातली किंवा ऑफिसातली, साधं बोलणारी मालिका हवी. राजेरजवाड्यांच्या मालिका देखण्या असतात, पण तिथली 'जॉन्हा', 'मामा' ही दरबारी संबोधनं आणि क्रियापदांची रूपं आज रस्त्यावर वापरली तर लोक हसतील. डॉक्टर-वकिलांच्या मालिकांत निम्मे शब्द त्या धंद्याचे असतात. पुनर्जन्म, देवदूत वगैरे नंतर.

'रिप्लाय 1988' (2015-16) सोलच्या सांगमुनदोंग भागातल्या एका गल्लीतली. आईबाप, मुलं, शेजारी, भांडणं, जेवणं, म्हणजे घरगुती कोरियनची खाणच. पण बोलणं भराभर आहे आणि काळ जुना. 'मिसेंग' (2014) एका व्यापारी कंपनीतल्या नवख्या कर्मचाऱ्याची. ऑफिसातली उतरंड, पदनामं, वरिष्ठांशी कसं बोलायचं हे तिच्याइतकं क्वचितच कुठे सापडेल. नुकती सुरुवात असेल तर दोन्हींआधी 'पोरोरो' हे लहान मुलांचं कार्टून बघा. लाज वाटायचं कारण नाही, वाक्यं छोटी आणि स्वच्छ आहेत.

दोन मिनिटांचा तुकडा

साधारण तासाभराचा भाग अख्खा 'अभ्यासायचा' ठरवलात तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. भाग मजेत बघा, आणि नंतर त्यातला दोन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा. दोनच माणसं असावीत, मागे गाणं नसावं, भांडण किंवा रडारड नसावी. जेवणाच्या टेबलावरचे आणि फोनवरचे प्रसंग उत्तम.

पहिल्यांदा सबटायटल बंद करून ऐका. काहीच कळलं नाही तरी चालेल, फक्त वाक्य कुठे संपतं ते ओळखा. दुसऱ्यांदा इंग्रजी किंवा हिंदी सबटायटल लावून अर्थ घ्या. तिसऱ्यांदा कोरियन सबटायटल लावा. नेटफ्लिक्सवर बऱ्याच कोरियन मालिकांना ते असतं आणि बहुधा बोललेल्या शब्दांशी जुळतं. इंग्रजीत मात्र फक्त सारांश असतो. आता वाक्यामागून वाक्य थांबवत वहीत उतरवा. सगळी नाही, पाच-सहाच: जी तुम्हाला स्वतःला कधीतरी बोलावीशी वाटतील अशी.

मग त्या पात्राबरोबर, त्याच क्षणी, त्याच सुरात मोठ्याने बोला. मागे पडलात तर पुन्हा. शेवटी फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ठेवा. हे सगळ्यांना नकोसं वाटतं, पण तीन जुळ्यांमधली गफलत इथेच कळते. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा सबटायटलशिवाय ऐका.

एवढ्याला अर्धा-पाऊण तास जातो. आठवड्यात असे तीन तुकडे झाले तरी भरपूर.

वाक्यं उतरवताना शब्दक्रमाची भीती बाळगू नका. 'मी काल बाजारात भाजी घेतली' हे कोरियनमध्ये 'नानुन ऑजे शिजांगेसॉ याछेरुल सास्सॉ': मी, काल, बाजार-आत, भाजी, घेतली. क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाला चिकटलेले. इंग्रजीवरून गेलात तर वाक्य दोनदा उलटं करावं लागेल. म्हणून अर्थ लिहायचा तो मराठीतच. शिवाय 'गेला-गेली-गेलं' ही भानगडच नाही, लिंगानुसार क्रियापद बदलत नाही.

शेपूट बघा

आता मुख्य मुद्दा. धाकट्या भावाला आपण सांगतो, 'बाबा आले रे.' यात 'आले' हा आदर बाबांना आहे आणि 'रे' ही जवळीक ऐकणाऱ्याशी. एका वाक्यात दोन नाती, दोन्ही वेगवेगळी. कोरियन नेमकं हेच करतं. 'आबॉजी ओश्यॉस्सॉ'मध्ये बाबांचा आदर मधल्या 'श्यॉ'त आहे ('शी' हा आदराचा प्रत्यय), आणि शेवट उघडा आहे, पुढे 'यो' नाही, म्हणजे समोर भाऊ किंवा मित्र आहे. तेच 'आबॉजी ओश्यॉस्सॉयो' झालं की ऐकणारा मोठा किंवा परका. आणि लहान पोरगं 'आप्पा वास्सॉ!' म्हणून ओरडतं तेव्हा दोन्हीकडे लाड. इंग्रजी सबटायटलमध्ये तिन्ही वेळा एकच ओळ.

म्हणून वहीत तीन रकाने आखा: कोण, कोणाशी, शेवट कसा. शेवट उघडा असेल तर 'पानमाल', म्हणजे आपलं अरेतुरे. 'यो' असेल तर सभ्य, रोजचं. 'म्निदा' असेल तर बातम्या, सैन्य, मीटिंग, पहिली भेट. पहिल्या चार-पाच भागांत एवढंच भरत राहा.

मग गंमत सुरू होते, कारण हे शेवट बदलतात आणि कथा तिथेच वळते. दोन माणसं 'यो'वर बोलत असतात, एक जण म्हणतो 'माल प्यॉनहागे हासेयो', म्हणजे अहो-जाहो सोडा आता, आणि पुढच्या वाक्यात 'यो' गळतो. प्रेमाच्या मालिकेत हा प्रसंग हात धरण्याइतकाच महत्त्वाचा. भांडणात उलटं. रस्त्यात गाडीला गाडी घासली, एकाने 'यो' गाळला, की दुसरा उसळतो, 'वे पानमारिया?', अरेतुरे कशाला करतोस? आणि लगेच प्रश्न येतो वयाचा. अनोळखी माणसं भर रस्त्यात एकमेकांचं वय का विचारतात, हे कोडं इथे सुटतं.

'स्क्विड गेम'च्या पहिल्या पर्वात (2021) अली हा पाकिस्तानी कामगार आहे, भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीची. तो सांगवू या कोरियन सहखेळाडूला 'साजांगनिम' म्हणतो. खरं तर हा मालकासाठीचा शब्द, पण परदेशी कामगाराच्या तोंडात तो कुठल्याही कोरियन वरिष्ठासाठी बसलेला. सांगवू त्याला 'ह्यॉंग' म्हणायला सांगतो, म्हणजे पुरुषाने मोठ्या भावाला मारायची हाक. गोट्यांच्या खेळात पुढे जे घडतं, ते या एका शब्दामुळे दुप्पट लागतं. इंग्रजीतून बघणाऱ्याला यातलं निम्मंच मिळतं.

संबोधनं याच रकान्यात टिपा. मुलगी मोठ्या भावाला 'ओप्पा', मोठ्या बहिणीला 'ऑन्नी' म्हणते. मुलगा 'ह्यॉंग' आणि 'नूना'. सख्खं नातं असण्याची गरज नाही. मुलग्याने नायिकेचं ऐकून मित्राला 'ओप्पा' म्हटलं तर खसखस पिकेल. खानावळीतल्या बाईंना 'इमो' म्हणजे मावशी म्हणतात, यात आपल्याला नवल नाही. पण एक फरक पक्का लक्षात ठेवा. आपण 'काका, तुम्ही जेवलात का?' म्हणतो. कोरियनमध्ये मोठ्यांसाठी तो 'तुम्ही' जवळजवळ नाहीच, पद किंवा नातं म्हणून मोकळं व्हायचं. शब्दकोशात 'तुम्ही' म्हणून 'तांगशिन' सापडेल, पण बोलताना तो प्रौढ नवरा-बायकोत किंवा हमरीतुमरीत ऐकू येतो. साहेबांना वापरू नका.

याच शेपटात दुसरा एक खजिना आहे. 'पाऊस आला की!' मधला 'की', 'सांगितलं होतं ना!' मधला 'ना', हे आपले छोटे शब्द इंग्रजीत येत नाहीत. कोरियनमध्ये ते प्रत्यय आहेत. 'पी ओने' म्हणजे पाऊस आला की, 'नेगा माल्हेत्जाना' म्हणजे मी सांगितलं होतं ना. 'ने', 'जाना', 'जी', 'गॉदुन' हे चार शेवट मालिकेत पावलोपावली येतात. पुस्तकात ते उशिरा शिकवतात आणि कोरडे शिकवतात. प्रसंग बघून घेतले तर एकदम बसतात.

शब्द कसे वाढवायचे

सुटे शब्द पाठ करू नका, अख्खं वाक्य कार्डावर घ्या. अँकीसारखं अॅप पुरतं. संगणकावर बघत असाल तर लँग्वेज रिअॅक्टर हे ब्राउझरचं जोडसाधन एका वेळी दोन भाषांची सबटायटल दाखवतं. शब्दकोशाला नेव्हर, भाषांतराला पापागो.

शब्दांची कुळं मात्र ओळखा. चिनी मुळाचे शब्द कोरियनमध्ये आपल्या तत्सम शब्दांसारखे वागतात. 'हाक' म्हणजे विद्या. त्यावरून हाक्क्यो (शाळा), हाकसेंग (विद्यार्थी), देहाक (महाविद्यालय), हागवॉन (क्लास), युहाक (परदेशी शिक्षण). एक मूळ कळलं की पाच शब्द फुकट. आकडे दोन प्रकारचे आहेत, देशी आणि चिनी, आणि घड्याळात दोन्ही एकत्र येतात. साडेतीन म्हणजे 'से शी सामशिप बुन', तास देशी आणि मिनिटं चिनी. याला उपाय नाही, घोकावंच लागतं.

संस्कृती: एका भागातून एकच प्रश्न

जे कळलं नाही त्यातली एकच गोष्ट निवडा आणि तिचा पाठपुरावा करा. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप का? बाळंतिणीला तेच देतात, म्हणून वाढदिवशी आईची आठवण. मग तेच सूप परीक्षेच्या दिवशी का टाळतात? शेवाळ निसरडं, माणूस घसरेल. 'मियॉककुक खाल्लं' म्हणजे नापास झाला. परीक्षेला जाणाऱ्याला चिकट मिठाई देतात, म्हणजे तो चिकटेल, पास होईल. नोव्हेंबरमधली विद्यापीठ प्रवेश परीक्षा इतकी मोठी की इंग्रजी श्रवण चाचणीच्या वेळी विमानांची उड्डाणं थांबवतात.

जुन्या मालिकेत एकाच आडनावाचं जोडपं घरच्यांच्या विरोधाने रडताना दिसलं तर सगोत्र विवाह आठवा. एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळगावाच्या कुळातल्या विवाहावर तिथे कायद्यानेच बंदी होती. 1997 मध्ये घटना न्यायालयाने ती घटनेशी विसंगत ठरवली आणि 2005 मध्ये कायदा बदलला. वयाच्या हिशोबातही असाच बदल झालाय. जन्मताच एक वर्ष आणि दर नववर्षाला एक अधिक, ही रीत बोलण्यात अजून आहे, पण 28 जून 2023 पासून बहुतेक सरकारी कामांत आंतरराष्ट्रीय वय धरतात. त्याआधीच्या मालिकांत वय एक-दोनने जास्त ऐकू येईल.

'पॅरासाइट' (2019) मधली नूडल्स हा तर अभ्यासाचा धडाच आहे. 'चापागुरी' म्हणजे बाजारातल्या दोन स्वस्त इन्स्टंट नूडल्स एकत्र करून केलेला मुलांचा खाऊ. श्रीमंत बाई त्यात कोरियातलं महागडं गोमांस घालायला सांगते. कोरियन प्रेक्षक तिथेच हसतो. इंग्रजी सबटायटलला नवा शब्द बनवावा लागला, कारण ती पाकिटंच बाहेरच्याला ठाऊक नाहीत.

मालिकेवर किती विश्वास ठेवायचा? जेवणखाण, बूट काढणं, मोठ्यांना दोन हातांनी पेला भरणं, त्यांच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवणं, नववर्षाचा नमस्कार आणि त्यावर मिळणारे पैसे हे सगळं खरं. उद्योगपतीचा मुलगा गरीब मुलीच्या प्रेमात पडणं, ठरलेल्या वेळी आदळणारा ट्रक, नायकाने मनगट धरून ओढत नेणं हे मालिकांचं. मनगट ओढण्यावर तर कोरियातही टीका होते. आणि नायिका महत्त्वाच्या क्षणी नेमकं एकाच ब्रँडचं सँडविच का खाते, याचं उत्तर संस्कृतीत नाही, जाहिरातीत आहे.

मालिकांपलीकडे

वाचन वाढवायला मनोरंजनाचे कार्यक्रम हाताशी ठेवा. 'रनिंग मॅन' 2010 पासून चालू आहे. अशा कार्यक्रमांत पडद्यावर रंगीत कोरियन अक्षरांत शेरे येत राहतात. आधी ते अंगावर येतात, मग त्यांचीच चटक लागते. 'यू क्विझ ऑन द ब्लॉक'मध्ये कलाकारांबरोबर साधी माणसंही बोलतात. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, त्यामुळे अडखळणं, 'म्हणजे...', 'ते हे...' सगळं खरं.

चित्रपट नंतर घ्या. दोन तासांत पात्रांची ओळख होईपर्यंत चित्रपट संपतो, मालिकेत तोच आवाज महिनाभर कानावर पडतो. बोलींचंही तसंच. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मधलं उत्तर कोरियन बोलणं किंवा 'अवर ब्लूज' (2022) मधली जेजू बेटाची बोली कळली नाही तर मनाला लावून घेऊ नका. जेजूच्या बोलीला कोरियातल्या प्रक्षेपणातही प्रमाण कोरियनची सबटायटल द्यावी लागली.

व्याकरणाला पुस्तक किंवा क्लास लागेलच. सेजोंग हाकदांग या सरकारी संस्थेचे ऑनलाइन धडे मोफत आहेत. मोजमाप हवं असेल तर टॉपिक, म्हणजे कोरियन भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा. तिच्या सहा पातळ्या आहेत, पहिल्या दोन 'टॉपिक एक'मध्ये. त्यात फक्त श्रवण आणि वाचन, 200 पैकी 80 गुणांना पहिली पातळी, 140 ला दुसरी. श्रवणात मालिकावाले पुढे असतात, वाचनात मागे पडतात. तयारी त्या हिशोबाने करा.

रांजणगावला एलजीत, तळेगावला ह्युंदाईत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या कारखान्यात नोकरी असेल आणि कोरियन साहेबांशी बोलायचं असेल, तर मालिकेतून उचललेलं प्रत्येक वाक्य तोंडातून जाण्याआधी शेवटी 'यो' आहे ना, ते तपासा. उघड्या शेवटाची वाक्यं मित्रांसाठी ठेवा. साहेबांना नावाने हाक मारू नका, आडनाव, पद आणि 'निम' हवं: विभागप्रमुख किम असतील तर 'किम पुजांगनिम'. आणि जेवणाच्या सुट्टीनंतर भेटले तर 'पाम मॉगॉस्सॉ?' नव्हे, 'शिक्सा हाश्यॉस्सॉयो?'